समोर उभं राहून

अनसूयामावशी जपानात मोठ्यानं बोलायच्या त्या एकाच जागी. टोकियोजवळच्या त्सुकुबात आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर चोवीस तास उघडं असणारं एक दुकान होतं आणि दुकानाबाहेर टेलिफोनची काचेची पेटी. रविवारी दुपारी मावशी त्या पेटीत शिरायच्या. मी कार्ड सरकवून नागपूरचा नंबर लावून द्यायचे आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यायचे. मग आतून आवाज यायचा.

"जयभीम! हाव, मी अनसूया! जपानहून! जयभीम वं बाई, जयभीम!"

पलीकडे त्यांच्या वस्तीतल्या विहाराशेजारचं किराणा दुकान असे. तिथं फोनभोवती विहारातल्या बाया गोळा झालेल्या असत आणि मावशी प्रत्येकीला वेगळा जयभीम घालत. निम्मं कार्ड त्यातच संपायचं. दुकानातून कॉफीचा गरम डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं दचकून पेटीकडे बघायची. एका शाळकरी मुलीनं तर सायकलवरून उतरून मला विचारलं होतं, आजींना काही मदत हवी आहे का.

"मावशी, हळू बोललं तरी ऐकू जातं," मी एकदा म्हटलं.

"जाते नं. पण हळू बोलाले घर हाये."

पेटीतून बाहेर आल्या, पदर सारखा केला, की त्या पुन्हा डॉक्टर वडगावकरांच्या सोज्वळ आई होत. 'सोज्वळ' हा शब्द माझा नाही. तो जोशीकाकूंचा. "काय सोज्वळ आहेत हो तुमच्या आई! एक शब्द वावगा नाही," असं त्या वडगावकरांना म्हणायच्या. वावगा नाही हे खरंच होतं, कारण शब्दच नव्हता. आईची बोली ऐकली की लोक चौकशा करतील, म्हणून वडगावकरांनी त्यांना चारचौघांत बोलायचंच नाही असं सांगून ठेवलं होतं.

हे सगळं मला कळलं ते जोशींच्या स्वयंपाकघरात.

त्सुकुबात तेव्हा मोजकीच मराठी कुटुंबं होती. संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ, त्यांच्या बायका, जपानीत भांडणारी त्यांची मुलं. धातुशास्त्राचे जोशीकाका त्यांत सर्वांत ज्येष्ठ. गणपती त्यांच्याकडे बसायचा. मी विद्यार्थिनी, जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली, प्रज्ञा कांबळे, राहणार परभणी. माझे वडील शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेडल मशीनवर चळवळीची पत्रकं छापायचे. माझी बाराखडी त्या पत्रकांवर झाली. घरात गादीखाली पत्रकं, पिठाच्या डब्यामागे पत्रकं, आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी उद्गारचिन्ह. जपानला येताना मी सामानात ती उद्गारचिन्हं तेवढी नेमानं भरून आणली होती. पण मराठी ऐकायला मिळतं आणि पोटभर जेवण मिळतं म्हणून मी जोशींच्या गणपतीला जायचे. आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळत उभी राहायचे. माझं बंड एवढंच.

अशा जेवणाला प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा अशी पद्धत होती. जोशीकाकू फोन करून वाटणी करायच्या. कुणाला मसालेभात, कुणाला कोशिंबीर. मला म्हणायच्या, "अगं, तू स्टुडंट. कुठे स्वयंपाक करत बसतेस? तू आपल्या पेपरप्लेट्स आण." पहिल्या वेळी मला ती माया वाटली. दुसऱ्या वेळीही वाटली. मग पुण्याहून एक नवा विद्यार्थी आला, त्याचं आडनाव कुलकर्णी, आणि त्याला खोलीत साधी शेगडीसुद्धा नसताना बटाट्याची भाजी करायला सांगितली गेली. पेपरप्लेट्स माझ्याकडेच राहिल्या. कुणी कधी वाईट बोललं नाही. उलट, "आम्ही नाही हं मानत तसलं काही," असं मला न विचारता सांगायचे.

त्या वर्षी बाहेर टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी नळाखाली पातेलं धरून उभी होते. फिक्या जांभळ्या साडीतल्या एक ठेंगण्या, काटक बाई आत आल्या. कपाळ मोकळं, हातात एकेक काचेची बांगडी. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"तू नाही गेली आरतीले?"

"मी मानत नाही."

"आडनाव काय तुहं?"

"कांबळे."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. नळ आणखी मोठा सोडला. आणि पाण्याच्या आवाजाखाली माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जयभीम."

मी आमच्या घरच्या सवयीनं खणखणीत उत्तर देणार, तोच त्यांचा ओला हात माझ्या तोंडावर आला.

"हळू, पोरी. माह्या पोराचं इथं घर हाये."

त्यांचा पोरगा बाहेर, गणपतीसमोर, डोळे मिटून टाळ्या वाजवत होता.

सुनेचं दुसरं बाळंतपण करायला मावशी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पोरगा लहान असतानाच नवरा गेला. कामठीला बिड्या वळून त्यांनी एकुलत्या एकाला शिकवलं. बिड्या सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी बोटं विसरली नव्हती. नुसत्या बसल्या असल्या की त्यांचा अंगठा पहिल्या बोटावरून फिरत राहायचा, पान गुंडाळल्यासारखा. पाहुणे असले की वडगावकर शेजारी बसून हळूच आपला हात त्यांच्या हातावर ठेवत. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे आईवर! प्रेम होतंच. पण तो हात बोटं थांबवायला ठेवलेला असायचा.

जपानात त्या बोटांना एकच काम मिळालं. तिथं दुधाचे पुठ्ठ्याचे डबे धुऊन, कापून, सपाट करून, दोरीनं बांधून ठेवावे लागतात, मगच कचऱ्याची गाडी ते नेते. मावशी ते डबे असे कापायच्या की प्रत्येकाची कड दुसऱ्याच्या कडेला बसावी. मग बिड्यांच्या कट्ट्यासारखा गठ्ठा बांधायच्या. शेजारची जपानी म्हातारी ते बघून इतकी खूश झाली की आपले डबेही आणून देऊ लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. म्हातारीनं एकदा आपल्या झाडाची पर्सिमॉनची गोड केशरी फळं आणून दिली, तर मावशींनी बशीतून पाटोड्या पाठवल्या. बशी धुऊन परत आली, वर दोन फळं ठेवून. हे मावशींनी मला तीन वेळा तरी सांगितलं असेल.

"तिनं काहीच नाही इचारलं वं. घेतली आन् खाल्ली."

पाटोड्यांना जोशींच्या मंडळातही तितकीच मागणी होती. "आजींची पाटोडी म्हणजे पाटोडी!" असं म्हणत जोशीकाका दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. आणि घास तोंडात असताना विचारायचे, "वडगावकर म्हणजे नक्की कुठले हो तुम्ही? माझ्या मावसबहिणीच्या सासरचे वडगावकर आहेत, सातारा साइडचे." डॉक्टर वडगावकर पाण्याचा घोट घेऊन म्हणायचे, "आमचे लोक फार पूर्वी विदर्भात गेले." मावशी खाली मान घालून वाढत राहायच्या.

मला या माणसाचा संताप यायचा. एकदा त्यांच्या घरून निघताना ते मला सायकलपर्यंत सोडायला आले तेव्हा मी तो बोलून दाखवला. घरात समोरच्या खोलीत ना तथागताचा फोटो, ना निळ्या कोटातला. आईला बोलायची बंदी. कशासाठी?

ते चिडले नाहीत. म्हणाले, "पुण्याच्या संस्थेत मी सात वर्षं होतो. सेमिनारमध्ये प्रश्न विचारला की पुढच्या रांगेतले वळून बघायचे, कोण बोललं म्हणून. माझी जात तिथं सगळ्यांना ठाऊक होती. मी दिसलो की हसून परत वळायचे. मी काय विचारलं ते कुणी ऐकायचंच नाही. इथं पहिल्यांदा लोकांनी माझा पेपर आधी वाचला."

"जपान्यांनी वाचला. जोशींना घाबरायचं काय कारण?"

"तू पेपरप्लेट्स आणतेस ना?" ते म्हणाले. "माझी मुलगी त्यांच्याकडे खेळायला जाते. तिच्या हातात प्लेट्स द्यायच्या नाहीत मला."

मी म्हटलं, "मग लढा ना."

"तू अगदी पत्रकासारखं बोलतेस, प्रज्ञा. पत्रक वाटून झालं की माणूस घरी जातो. मला इथंच राहायचंय."

मी सायकलची घंटी वाजवली आणि निघून आले. वाटेत पुष्कळ उत्तरं सुचली.

मावशींना जपानात एकच गोष्ट बघायची होती. कामाकुराचा मोठा बुद्ध. टोकियोच्या पलीकडे समुद्राकाठी कामाकुरा म्हणून जुनं शहर आहे. एके काळी सरदारांनी तिथून जपानवर राज्य केलं. तिथं उघड्या आभाळाखाली काशाची प्रचंड बुद्धमूर्ती आहे. तिचं चित्र मावशींच्या विहारात कॅलेंडरवर होतं. त्या निघाल्या तेव्हा विहारातल्या बायांनी त्यांना पांढरी साडी घेतली होती आणि बजावलं होतं: आम्ही काही जपान पाहणार नाही. तू त्या बुद्धासमोर ही साडी नेसून उभी राहा आणि आमच्या सगळ्यांच्या वाटची वंदना म्हण. त्रिशरण, पंचशील, सगळं. समोर उभं राहून म्हण.

"मंग मी काय म्हटलं," मावशी मला सांगायच्या, "अशी म्हणीन की तुमाले नागपूरले ऐकू येईन."

नोव्हेंबरात मंडळाची सहल ठरली तीही नेमकी कामाकुराला. वडगावकरांनी आईला वेगळं घेऊन जायचं कबूल केलं होतं. पण बाळाची आजारपणं झाली, संस्थेत परिषद आली, आणि मावशींचा व्हिसा संपत आला. शेवटी ते म्हणाले, "मंडळाबरोबरच जाऊ. प्रज्ञा, तूही चल. आईला सोबत होईल."

सकाळी मी त्यांना न्यायला गेले तेव्हा मावशी पांढरी साडी नेसून दारात तयार उभ्या होत्या. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. वडगावकर बुटांची नाडी बांधता बांधता थांबले.

"आई, ती जांभळी नेस. ही मळेल. थंडी पण आहे."

"थंडीचा आन् रंगाचा काय संबंध, परकास?"

ते नुसते बघत राहिले. मावशी आत गेल्या आणि जांभळी नेसून आल्या. सून बाळाला घेऊन खिडकीत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीकडे जाताना मी दात-ओठ खात होते. मावशींनी माझा दंड धरला. "तू आज काई बोलू नोको. मले शब्द दे."

"मावशी, पण..."

"मी पाव्हणी हावो. उद्या जाईन. त्याले राहायचं हाये. शब्द दे."

मी दिला.

भाड्याच्या मिनीबसमध्ये भेंड्या झाल्या, मुलांच्या उलट्या झाल्या. कामाकुराला बागेत बसून जेवलो. माझ्या पेपरप्लेट्स, मावशींच्या पाटोड्या. जोशीकाका मी आणलेल्या प्लेटमधून मावशींची पाटोडी खात म्हणाले, "आजी, तुम्ही आता जाऊच नका." मावशी हसल्या. मला वाटतं त्या दिवसभरातलं ते एकच खरं हसू होतं, कारण बुद्ध आता समोरच्या वळणापलीकडे होता.

आणि मग तो दिसला. फाटकातून आत शिरलं की एकदम दिसतो. हिरवट, मोठा, थोडा पुढे झुकलेला, समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकत असल्यासारखा. मावशी थबकल्या. चपला काढायला वाकल्या, तर आजूबाजूला सगळे बुटासकट. त्यांनी वर पाहिलं, मागे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "छप्पर नाही काय याले?"

"पूर्वी होतं. समुद्राच्या लाटेनं नेलं म्हणतात."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "भिंतच नाही, तं कोणाले बाहेर उभं करतील?"

त्या थेट मूर्तीसमोर गेल्या. उदबत्त्यांच्या मोठ्या भांड्यामागे जागा धरली. हात जोडले. छातीत श्वास भरलेला मला दिसला. मी बाजूला सरकले.

तेवढ्यात मागून जोशीकाकांचा आवाज आला. "या या, सगळे या! फोटो नंतर. अरे, प्रत्यक्ष नवव्या अवतारासमोर उभे आहोत आपण! परदेशात असा योग कधी येणार? एक आरती होऊन जाऊ दे!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मला आज लिहितानाही सांगावं लागतं, आणि सांगताना राग येतो. त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्या मूर्तीचा मान ठेवतो आहोत. सगळे पुढे आले. मावशी मधोमध सापडल्या. एका बाजूला जोशीकाकू, दुसऱ्या बाजूला मुलगा. टाळ्या सुरू झाल्या. दशावतारांची आरती, तीही सुरात. जपानी म्हातारे कौतुकानं थांबून बघू लागले.

ज्या बाईनं तरुणपणी नागपूरच्या त्या मैदानावर लाखोंमध्ये उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, ती बाई तिथं उभी होती. त्यांतली एक प्रतिज्ञाच अशी आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. मावशींना बावीसच्या बावीस पाठ होत्या. डबे कापताना म्हणायच्या.

त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात तसेच जोडलेले. मिटलेल्या हातांत अंगठा बोटावरून फिरत होता, भराभर.

"आजी, म्हणा ना!" जोशीकाकूंनी कोपरानं ढोसलं. "पाठ नाही का? आजीबाई आणि आरती येत नाही? कमाल आहे!" कुणी तरी हसलं. हसण्यात गंमत होती, दुसरं काही नाही. पण वडगावकरांचा चेहरा पांढरा पडला.

"तिचा घसा बसलाय," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"अगं बाई! सकाळपासून काही बोलल्या नाहीत ते यासाठी होय!"

झालं. आता आरती संपली तरी मावशींना वंदना म्हणता येणार नव्हती. घसा बसलेल्या बाईनं कसं म्हणायचं? मुलानं एका वाक्यात त्यांचं तोंड शिवून टाकलं होतं, आणि ते त्याच्याही लक्षात आलेलं मी पाहिलं. तो आईकडे बघत होता, आई बुद्धाकडे.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पहिलं शरण माझ्या जिभेवर होतं. मावशींनी न बघता हात मागे करून माझं मनगट आवळलं. मी तोंड मिटलं. शब्द दिला होता, शब्द पाळला. शब्द पाळल्याचीही कधी लाज वाटू शकते, हे परभणीला आमच्या घरात मला कुणी शिकवलं नव्हतं.

कामाकुराचा बुद्ध आतून पोकळ आहे. बाजूला एक बुटकं दार असून थोडे पैसे देऊन मूर्तीच्या आत जाता येतं. मंडळी फोटो काढायला पांगली तेव्हा मावशींनी त्या दाराकडे बोट केलं. मी त्यांना घेऊन आत गेले. अरुंद पायऱ्या, मग अंधारी जागा. काशाच्या भिंती उन्हानं कोमट झालेल्या. वर बघितलं की आतल्या बाजूनं मान आणि डोकं दिसतं, मोठ्या हंड्यासारखं. पाठीत दोन खिडक्या आहेत, त्यांतून तेवढा उजेड येतो. आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मावशींनी भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणायला सुरुवात केली.

त्या पेटीतल्यासारख्या ओरडल्या नाहीत. पण ते काशाचं पोट आवाज धरून ठेवत होतं, मोठा करत होतं. पहिलं शरण संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायचं. मी मागून म्हणत गेले. पंचशील झालं. मग त्यांनी विहारातल्या बायांची नावं घेतली, एकेक. नावं संपली. आवाज थोडा वेळ तसाच फिरत राहिला. मला वाटलं, जिंकलो.

मावशी भिंतीवरचा हात काढत म्हणाल्या, "पोटात शिरून म्हटलं वं. चोरावानी." आणि पायऱ्यांकडे वळत, "समोर नाही म्हटलं."

आम्ही वळसा घालून मूर्तीच्या मागे आलो तर खिडक्यांच्या खाली जोशीकाका आणि वडगावकर उभे. जोशीकाका ओतकामाचे सांधे बोटानं दाखवत होते. आम्हाला पाहताच म्हणाले, "आत्ता आत कोण होतं हो? पाली म्हणत होते. इथं वरून इतकं स्वच्छ ऐकू येत होतं! अंगावर काटा आला माझ्या. मी वडगावकरांना म्हटलं, कोण असेल? ते म्हणाले, श्रीलंकेचे लोक असतील."

वडगावकरांनी आवाज ओळखला होता. त्या आवाजानं त्यांना लहानपणी रोज सकाळी उठवलं होतं. ते मूर्तीच्या सांध्याकडे बघत होते, अगदी बारकाईनं.

मावशींनी मुलाकडे पाहिलं. मग जोशीकाकांकडे बघून, स्पष्ट, खणखणीत आवाजात, इतक्या दिवसांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलल्या. तेही आमच्या पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सांभाळून.

"हो. श्रीलंकेचेच होते."

"अरे वा, घसा सुटला की आजी!" जोशीकाका आनंदानं म्हणाले.

परतीच्या वाटेवर वडगावकर ड्रायव्हरशेजारी बसले. मावशी माझ्या शेजारी. त्यांची बोटं मांडीवर शांत पडली होती. थांबवायला कुणाचा हात नव्हता, तरी फिरत नव्हती. मला खिडकीबाहेर बघवेना आणि आतही बघवेना. जोशीकाकांनी जे केलं ते अडाणीपणानं. वडगावकरांनी केलं ते भीतीनं. मावशींनी मायेनं. आणि मी तिथं सगळं समजून उभी होते. त्या दिवसाबद्दल मी वडिलांना काहीच लिहिलं नाही. कामाकुराचं चित्र असलेलं पोस्टकार्ड पाठवलं. मूर्ती भव्य आहे, असं लिहून.

पुढच्या रविवारी मावशी टेलिफोनच्या पेटीत गेल्या. मी नंबर लावून दिला, दार ओढलं, आणि सवयीनं दोन पावलं मागे सरकले. आतून काही ऐकू आलं नाही. मावशी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, काचेकडे पाठ करून उभ्या होत्या. पलीकडून बाया काय विचारत असणार ते मला माहीत होतं. मावशींची मान एकदा हलली. बाहेर आल्या तेव्हा कार्ड जवळजवळ तसंच उरलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "तुले ठेव. तुह्या बापाले फोन कर."

डिसेंबरात त्या निघाल्या. विमानतळाची बस त्सुकुबाच्या मुख्य थांब्यावरून सुटायची. वडगावकरांना रजा मिळाली नव्हती, म्हणून त्याच विमानानं जाणाऱ्या एका कुटुंबाची सोबत बघून दिली होती. मंडळ निरोपाला आलं होतं. मावशी पांढरी साडी नेसून आल्या. आज मुलानं काही म्हटलं नाही.

"किती शोभतंय हो पांढरं तुम्हाला!" जोशीकाकू म्हणाल्या. "अगदी सोज्वळ." काकांनी पाटोडीचा विषय काढला. मावशींनी सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला, नातीचा मुका घेतला. नातीनं जपानीत आजीला हाक मारली, "ओबाआचान, बाय बाय." मावशींनी मला नुसतं डोक्यावरून कुरवाळलं. मुलाच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि बसमध्ये चढल्या.

खिडकीशी बसल्या. काच उघडणारी नव्हती. इंजिन सुरू झालं. मावशींनी आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे मुलाकडे. मग पदर सारखा केला आणि तोंड उघडून, मान मागे नेऊन, रविवारच्या पेटीत द्यायच्या तसा जयभीम दिला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. मागच्या सीटवरचा प्रवासी दचकला. बाहेर आम्हाला काचेतून काही ऐकू आलं नाही. मंडळी हात हलवत होती. "टाटा म्हणतायत आजी, टाटा करा!" जोशीकाकू मुलांना म्हणाल्या.

मी शेजारी पाहिलं. वडगावकरांचे ओठ हलले. 'जय' आणि 'भीम', दोन्ही शब्द मला ओठांवर स्वच्छ दिसले. आवाज आला नाही. माझ्या नि त्यांच्यामध्ये काच नव्हती.